उतरायचे कोठे?

यंदाच्या 23 ऑगस्टला आमच्या शाळेत एक विद्वान गृहस्थ व्याख्यानाला आले होते. 2023 साली ह्याच तारखेला आपले ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरले, म्हणून हा दिवस आता राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून पाळला जातो. पत्र्याच्या छपराखाली शे-दीडशे मुले सतरंज्यांवर दाटीवाटीने बसली होती, शेजारच्या कारखान्यातले माग नेहमीप्रमाणे खडखडत होते, आणि त्या खडखडाटावर आवाज चढवून गृहस्थ सांगत होते, “मुलांनो, झेप घ्या! आकाश ठेंगणे करा!” व्याख्यान वाईट नव्हते. गरुड झाला, हनुमान झाला, राइट बंधू झाले. शेवटी त्यांनी विचारले, कोणाला काही शंका? तेव्हा माझ्या चौथीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, पण उतरायचं कुठं, ते कोण ठरवतं ओ?”

गृहस्थ हसले. म्हणाले, “बाळ, ते शास्त्रज्ञ बघतात. तू उडायचं बघ!”

टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत. मुख्याध्यापकांनी नंतर त्याचे कारण विचारले. त्यांना जे उभ्या उभ्या सांगता आले नाही ते आता दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे. गोड लागेल अशी हमी देत नाही.

आधी माझा अधिकार किती ते सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला ते काम करावे लागणार नाही. माझे शिक्षण मॅट्रिक. आता तिला दहावी म्हणतात, पण आमच्या घरी अजून मॅट्रिकच म्हणतात. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एमआयडीसीत, एका लहानशा शाळेत मी शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. विमानात मी बसलेली नाही. परंतु मराठी भाषा मला थोडीफार कळते, आणि ती मुलगी जे विचारीत होती ते आमच्या भाषेने केव्हाच विचारून ठेवले आहे. प्रवाशाला मराठीत काय म्हणतात? उतारू! गाडीत चढतो तोही उतारूच. ज्या कोणी हा शब्द प्रथम उच्चारला त्याला हे पक्के ठाऊक असले पाहिजे की माणूस गाडीत बसतो तो बसण्यासाठी नव्हे, कोठेतरी उतरण्यासाठी. पाहुणा परगावी गेला की आपण विचारतो, कोणाकडे उतरलात? आणि वीज मात्र पडते, ती उतरत नाही. पडणे आणि उतरणे ह्या दोहोंत खाली येणे तेच, जमीन तीच. अंतर एवढेच की उतरणाऱ्याच्या जागेचा कोणीतरी आधी विचार केलेला असतो.

ह्या विचारालाच मी उतरण्याच्या जागेचे संशोधन म्हणते. ते फार मोठे शास्त्र आहे. ते एका खात्यात बसत नाही म्हणून त्याला नाव मिळाले नाही, एवढेच.

चंद्रापासूनच सुरुवात करू, कारण गृहस्थांनी तेथूनच केली होती. 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे चांद्रयान-2 चे ‘विक्रम’ उतरताना आदळले. आम्ही त्या रात्री जागे होतो. जमीन दोन-एक किलोमीटर राहिली आणि पडद्यावरची रेघ थांबली. नंतर इस्रोचे प्रमुख सोमनाथ ह्यांनी कारणे जाहीरपणे सांगितली, आणि ती प्रत्येक शिक्षकाने वहीत उतरवून ठेवण्यासारखी आहेत. एक कारण असे की उतरण्यासाठी नेमून दिलेली जागा फार लहान होती, 500 मीटर लांब आणि 500 मीटर रुंद. यान वाटेत थोडे चुकले. मग नेमलेल्या चौकोनाशी पोहोचण्याच्या धडपडीत ते जमिनीजवळ येऊनही आपला वेग वाढवीतच राहिले. आज्ञाधारक मूल जसे दिलेल्या वेळेत पोहोचायचे म्हणून रस्ता न पाहता धावते, तसे.

मग चार वर्षांनी काय केले? यानाला अधिक उंच उडायला शिकवले नाही. जागा मोठी केली! 500 मीटरांच्या चौकोनाऐवजी 4 किलोमीटर लांब आणि 2.4 किलोमीटर रुंद असा पट्टा नेमला. गणिताचे शिक्षक म्हणतील तर हिशेब करून पाहावा, क्षेत्र अडतीस पटींनी वाढते. पाय मजबूत केले. पूर्वी सेकंदाला 2 मीटर वेगाने टेकण्याइतके होते, ते 3 मीटर सोसतील असे केले. इंधन जास्त दिले. चांद्रयान-2 चा फिरता भाग वर शाबूत होता, त्याच्या कॅमेऱ्याने जागेची बारीक छायाचित्रे घेतली होती, ती वापरली. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, सर्व ठीक झाले तर काय होईल हे न विचारता, काय काय बिघडेल, हे विचारून यान बांधले. उतरल्यावर त्या जागेला ‘शिवशक्ती’ असे नाव मिळाले; 2019 च्या आदळलेल्या जागेलाही ‘तिरंगा’ हे नाव दिले गेले. मला ह्यातले दुसरे अधिक आवडते. जेथे पडलो ती जागा विसरायची नाही, हे त्यात आहे.

ह्याच्या आधी, 20 जुलै 1969 रोजी, आर्मस्ट्राँग उतरत असताना यंत्राने त्याला मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेल्या एका विवराकडे नेले होते. त्याने खिडकीतून पाहिले, यंत्राचा निर्णय बाजूस सारला आणि यान हाताने पुढे नेऊन सपाट जागी टेकवले. म्हणजे छायाचित्रे असतात, नकाशे असतात, तरी शेवटी जो उतरणार त्याच्या डोळ्यांना विचारावे लागते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे लागणार आहे.

आता कोणी म्हणेल, बाई चंद्रावर गेल्या त्या परत सोलापुरात उतरणार कशा? अगदी सोप्या वाटेने. शाळेच्या भिंतीपलीकडे माग आहेत. आमच्याकडची चादर आणि टॉवेल देशभर जातात, त्यांना भौगोलिक मानांकनही आहे; पण ते ज्यावर विणले जातात त्या यंत्रमागातला धोटा किती जणांनी नीट पाहिला आहे? उभ्या धाग्यांच्या दोन पदरांमधून तो इकडून तिकडे फेकला जातो, मिनिटाला शंभराच्या घरात. प्रत्येक फेकीच्या शेवटी त्याला उतरायला एक पेटी असते. पेटीत त्याचा वेग धरून ठेवणारी दाबपट्टी असते, नाही तर तो आपटून परत उसळेल. आणि गंमत पुढेच आहे. धोटा वेळेत पेटीत पोहोचला नाही, ताण्याच्या मध्येच कोठे अडकला, तर माग आपोआप धाडकन थांबतो. थांबला नाही तर फणीचा ठोका अडकलेल्या धोट्यावर बसेल आणि शेकडो धागे एकदम तुटतील. एक उतरला की नाही ह्याची खात्री झाल्याशिवाय पुढची हालचाल नाही! आता बिनधोट्याचे मागही आले आहेत; पण ज्यांनी आयुष्यभर धोट्याचा माग चालवला त्या आमच्या पद्मशाली आजोबांना हे शास्त्र कोणी विद्यापीठात शिकवले नव्हते. धोटा उडून माणसाला लागतो, डोळा जातो, हे त्यांनी पाहिलेले असते. म्हणून ते नव्या पोराला माग चालू करायला शिकवण्याआधी पेटी तपासायला शिकवतात.

हे ज्या गावातले प्रत्येक दुसरे घर जाणते त्या गावाने विमानाच्या बाबतीत काय केले, ते आता पाहू.

होटगी रस्त्यावर आमचा विमानतळ आणि त्याच बाजूला श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना. कारखान्याने उसाच्या चिपाडापासून वीज करण्याचा प्रकल्प उभारला आणि त्याची चिमणी बांधली, सुमारे 90 मीटर उंच. विमान साधारणपणे तीन अंशांच्या उतरणीने खाली येते. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे 52 मीटर. हा हिशेब माझी चौथीतली मुले करतात. धावपट्टीच्या तोंडापासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर विमान जेवढे उंच असणार, तेवढीच ही चिमणी! म्हणून विमानतळाभोवती उंचीची एक न दिसणारी उतरती छते कल्पिलेली असतात आणि त्यांना टोचेल असे काही बांधायचे नसते. हा नियम सोलापूरसाठी नव्याने काढलेला नाही, जगभर आहे.

मग वर्षानुवर्षे काय चालले? विमान हवे असणारे एका बाजूला, कारखाना आणि ऊस उत्पादक दुसऱ्या बाजूला. उपोषणे झाली, मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. चहाच्या टपरीवर चिमणी, लग्नाच्या मांडवात चिमणी. पाहुण्यांची मुले विचारीत, इथे चिमण्यांवर एवढे का भांडतात? अखेर 15 जून 2023 रोजी स्फोटके लावून चिमणी पाडली. लोक गच्च्यांवर चढून पाहत होते. काहींनी पेढे वाटले, काहींचे डोळे भरून आले. त्या दोन्ही बाजूंविषयी मला येथे निवाडा द्यायचा नाही. ज्याचा ऊस त्या कारखान्यात जातो त्याला चिमणी आपली वाटली तर त्यात काय चूक? आणि ज्याच्या मुलाला नोकरीसाठी गाव सोडावे लागते त्याला विमान हवे वाटले तर तोही वेडा नव्हे. माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. चिमणी उभारायला पैसे लागले, पाडायला लागले. मधली वर्षे गेली, माणसामाणसांत वैर आले. आणि ज्या एका प्रश्नाने हे सर्व टळले असते तो पाच मिनिटांचा होता: येथून काही खाली उतरते का? पहिली वीट ठेवण्याआधी तो मोठ्याने विचारला जायला हवा होता. आमच्या मागाला जेवढी अक्कल आहे तेवढी आमच्या कागदपत्रांना असती तर काम तेथेच धाडकन थांबले असते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. 29 सप्टेंबर 2024 ला नव्याने सजवलेल्या विमानतळाचे उद्घाटन झाले, 9 जून 2025 ला गोव्याचे विमान सुरू झाले, त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचे. पहिले विमान उतरले तेव्हा आमची मुले मैदानात धावत सुटली आणि मीही त्यांच्यामागे पाहत उभी राहिले, हे खोटे कशाला सांगू? फार सुंदर दिसते ते. पोट पुढे काढून, पाय शोधत.

विमानावर माझा राग नाही, हे स्पष्ट झाले असेल. परंतु उतरण्याच्या जागेचा दुसरा एक प्रश्न असतो आणि तो आपण विमान उतरल्याच्या आनंदात हमखास विसरतो: तेथे आधीपासून कोण उतरत होते? 20 मे 2024 च्या रात्री मुंबईत घाटकोपरवर उतरणीला लागलेल्या एका विमानाची आणि रोहितांच्या थव्याची धडक झाली. विमान सुखरूप उतरले. तीसहून अधिक पक्षी मात्र वस्तीत, घरांवर पडले. पाहा, येथे शब्द आपोआप बदलला! तेच रोहित आमच्या उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात येतात. पाय टेकतील आणि चोच चिखलाला लागेल एवढेच पाणी ते निवडतात. जागा पाहिल्याशिवाय थवा खाली येत नाही. आणि नान्नजच्या माळावर, ज्याच्यासाठी 1979 साली अभयारण्य झाले, तो माळढोक. भारी अंगाचा पक्षी, समोरचे नीट न दिसणारा. त्याला उतरायला उघडा माळ लागतो, आणि त्या माळावरून आपण विजेच्या तारा नेतो.

हे संशोधन खरोखर कसे करतात ते पाहायचे असेल तर समुद्राकाठी जावे. सोलापूरकराला समुद्र तसा परका, पण मासळी खाणाऱ्या वाचकांना सांगते, देशात दर वर्षी किती मासळी सापडली हा आकडा समुद्रात जाऊन मोजत नाहीत. 1947 साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आपली माणसे मासळी उतरते त्या बंदरांवर आणि वाळूवर पाठवते. कोणत्या दिवशी कोणत्या ठिकाणी मोजायचे ह्याची चिठ्ठी टाकल्यासारखी निवड होते, आणि नेमलेला माणूस तेथे बसून होड्या मोजतो, टोपल्या मोजतो. तो कोळ्यांना असे म्हणत नाही की तुम्ही येथे का उतरता, नकाशात दाखवलेल्या ठिकाणी उतरा! जेथे लोक उतरतात ती जागा, हे त्याच्या शास्त्राचे पहिले कलम आहे. मुंबईचा ससून डॉक 1875 पासून तसाच मोजला जावा इतका गजबजलेला आहे. पहाटे तेथे कोळणींच्या टोपल्यांची जी गर्दी असते तीही त्या शास्त्राला वर्ज्य नाही.

समुद्राखालून तारा आणतात त्यांचेही असेच. 1870 साली पहिली तार मुंबईच्या किनाऱ्याला लागली. आज आपल्या मोबाइलमधली पुष्कळशी बडबड वर्सोव्यासारख्या किनाऱ्यांवरून जमिनीवर चढते. असा किनारा निवडताना खडक किती, वाळू किती, हे पाहतातच. पण तेथे होड्या नांगर टाकतात का, जाळी ओढतात का, हेही पाहतात. दुसऱ्याची वहिवाट ओळखली नाही तर तार तुटते, असा साधा व्यवहार आहे. आणि जी मुळी उतरत नाही, पडते, त्या विजेचासुद्धा आता माग काढतात: पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ठिकठिकाणी यंत्रे बसवून वीज कोठे पडते आहे ते टिपण्याची सोय केली, आणि ‘दामिनी’ नावाने ती मोबाइलवर आणली. आभाळातल्या विजेच्या जागेचा शोध लागतो, हे ध्यानात असू द्या.

आणि ह्या सर्वांच्या आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, मुंबईत भाऊ अजिंक्य नावाचा एक मराठी कंत्राटदार होऊन गेला. कोकणातून गलबतांनी येणाऱ्या उतारूंना चिखल तुडवीत किनारा गाठावा लागतो, हे त्याने पाहिले आणि धक्का बांधला. लोक त्याला अजून भाऊचा धक्का म्हणतात. त्याला बहुधा कोणी संशोधक म्हटले नसेल.

आता मी माझ्या जागेवर येते.

आमच्या शाळेपासून थोड्या अंतरावर अक्कलकोट रस्ता आहे. पूर्वी अरुंद होता. आता रुंद झाला आहे, गुळगुळीत झाला आहे. स्वामींच्या दर्शनाला जाणाऱ्या मोटारी, सुताच्या गाठी आणि उसाच्या मोळ्या वाहणारे ट्रक त्यावरून सुसाट जातात. सकाळी सात ते आठच्या दरम्यान ह्याच रस्त्याच्या कडेला कारखान्यांत जाणाऱ्या बाया उतरतात. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या, घड्या घालून बांधणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या. त्याच वेळी आमची मुले उतरतात. कोणी बसमधून, बहुतेक रिक्षांतून. एका रिक्षात किती ते विचारू नये. कागदोपत्री थांबा एके ठिकाणी आहे, आणि कारखान्यांकडे व शाळेकडे जाणारी वाट दुसऱ्या ठिकाणी. म्हणून सगळे वाटेच्या तोंडाशीच उतरतात. तेथे डांबराची कड वीतभर खाली तुटलेली आहे, पावसाळ्यात डबके, उन्हाळ्यात फुफाटा, आणि पाठीशी ट्रक. गेल्या पावसाळ्यात तेथे माझ्या वर्गातल्या एका मुलाचा पाय मोडला. मोठे काही झाले नाही, देवाची कृपा. त्याची आजी त्याला दोन महिने पाठीवर घेऊन येत होती. ती गुडघ्यांनी अधू आहे. रिक्षातून उतरताना आधी नातवाला खाली ठेवायचे की आधी आपण उतरायचे, हा प्रश्न ती रोज सकाळी सोडवीत असे.

मी एका कचेरीत अर्ज घेऊन गेले. कोणत्या ते सांगत नाही. कचेऱ्या सगळ्या बहिणी बहिणी. तेथले साहेब सभ्य होते, त्यांनी चहा दिला. अर्ज वाचून म्हणाले, “बाई, थांबा आहे की तिथं.”

म्हटले, “साहेब, थांबा आहे तेथे कोणी उतरत नाही, आणि उतरतात तेथे थांबा नाही.”

“मग लोकांना शिस्त लावा. तुम्ही शिक्षिका आहात.”

“लोक जेथे जायचे त्याच्या जवळ उतरतात, ह्यात बेशिस्त ती काय?”

“हे बघा, थांबा ही वाहनाची सोय असते.”

“उतारूची नव्हे?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “भावनेवर काम होत नाही बाई. आकडेवारी लागते. सर्वेक्षण लागते. त्याशिवाय जागा बदलता येत नाही.”

हे मला पटले, खरोखर पटले! मासळी मोजता येते तर माणसे का मोजता येणार नाहीत? मी शाळेत आले आणि चौथीच्या मुलांना कामाला लावले. सहा दिवस, रोज सकाळी एक तास, मोठ्या मुलांच्या सोबतीने आणि माझ्या देखरेखीखाली, रस्त्यापासून लांब कट्ट्यावर बसून आम्ही मोजले. कोण कोठे उतरले, ते फुली मारून आलेखाच्या कागदावर. बाया निळ्या, मुले लाल, म्हातारी माणसे हिरवी. मुलांनी स्वतःच्या बुद्धीने आणखी एक खूण काढली: उतरताना जो अडखळतो त्याच्या फुलीभोवती गोल. ही माझी कल्पना नव्हे. सहा दिवसांनी कागद पाहिला तो थांब्याच्या जागी कागद जवळजवळ कोरा, आणि वाटेच्या तोंडाशी फुल्यांवर फुल्या चढून कागदाला भोक पडायची वेळ आलेली. ज्या मुलीने पुढे ऑगस्टात त्या व्याख्यात्यांना प्रश्न विचारला तीच हा कागद रंगवीत होती. तिला गृहस्थांनी सांगितले, ते शास्त्रज्ञ बघतात. अहो, शास्त्रज्ञ तुमच्यापुढे उभी होती!

तो कागद घेऊन मी पुन्हा गेले. साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारले, “हे सर्वेक्षण कोणत्या संस्थेने केले?”

“चौथी अ.”

ते मनापासून हसले. कागद परत दिला. अधिकृत संस्थेचे असते तर विचार केला असता, म्हणाले.

ह्यावर मला सुचवण्यात आलेले आक्षेप असे. पहिला, चंद्राची आणि रिक्षाची बरोबरी करता येत नाही. का नाही? चंद्रावर जे उतरले ते यंत्र होते, त्यात माणूस नव्हता. तरी त्याच्यासाठी जागा अडतीस पट मोठी केली. रिक्षातून जे उतरते ते माझ्या वर्गातले मूल आहे. बरोबरी नाहीच, मान्य. फक्त वजन कोणत्या पारड्यात जास्त ते तुम्ही चुकीचे धरता आहात. दुसरा, पैसा नाही. वाटेच्या तोंडाशी पन्नास पावलांचा कट्टा बांधायचा, कड भरून घ्यायची, पांढरे पट्टे ओढायचे आणि थांब्याचा खांब उपटून तेथे रोवायचा, ह्याला लागणारा पैसा नाही, असे ज्या शहरात सांगितले जाते त्या शहराने एक उभी चिमणी पाडून दाखवली आहे. तिसरा आक्षेप अधिक सभ्य लोक घेतात. ते म्हणतात, बाई, तुमचा दृष्टिकोन संकुचित आहे. मुलांना मोठी स्वप्ने द्या, गटार आणि थांबे दाखवू नका. ह्या सभ्य लोकांची मुले शाळेच्या फाटकाच्या आत, मोटारीचे दार उघडून, उतरतात. त्यांच्या उतरण्याच्या जागेचे संशोधन पूर्ण झालेले असते. मग त्यांनी आकाशाविषयी बोलावे, हे ठीकच आहे.

चौथा आक्षेप कोणी बोलून दाखवत नाही, पण मला तो ऐकू येतो. ही माणसे काय, कशीही उतरतील. उड्या टाकून उतरतील. त्यांना सवय आहे.

18 मे 2025 च्या पहाटे आमच्या ह्याच वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. मालक, त्यांच्या घरची माणसे आणि कामगार, मिळून आठ जण गेले. दिवस उजाडल्यावरही धूर दिसत होता. कोणाचे चुकले हे सांगणे माझे काम नव्हे, आणि दिवाळीच्या अंकात त्या घरांचे दुःख उगाळावे असेही मला वाटत नाही. परंतु त्यानंतर कितीतरी दिवस मी जाता-येता प्रत्येक इमारतीकडे मान वर करून पाहत असे आणि मनात मोजत असे, ह्या खिडकीतून माणूस खाली कसा येईल? ह्या जिन्याचे तोंड कोठे निघते? ते तोंड सुताच्या गाठींनी बुजले आहे का? हाही तोच अभ्यास आहे. तो करायला यान लागत नाही, संध्याकाळी तासभर मान वर करून फिरले तरी पुष्कळ होतो. मालक मंडळींनी कारखान्यात लक्ष्मीपूजन कराल तेव्हा एवढे एकदा करून पाहावे. मीही येईन सोबत. मान दुखते थोडी, पण सवय झाली आहे.

आलेखाचा तो कागद मी जपून ठेवला आहे. मूळ प्रत शाळेच्या कपाटात आहे, वर चिकटपट्टी लावून भोक बुजवले आहे. नक्कल तिसऱ्यांदा अर्जाला जोडली. ह्या वेळी ‘सर्वेक्षण करणारी संस्था’ ह्या रकान्यात शाळेचे नाव घालून त्याखाली अठ्ठावीस मुलांच्या सह्या घेतल्या. ज्याचा पाय मोडला होता त्याने आपली सही सर्वांत मोठी केली, आणि त्याच्या आजीने, कोणी सांगितले नसताना, खाली अंगठा उठवला. कचेरीतल्या खिडकीवरच्या बाईंनी अर्ज घेतला. पोच दिली. पोचेवर शिक्का आहे, सही आहे, तारखेची जागा रिकामी आहे. मी म्हटले, तारीख घाला. त्या म्हणाल्या, “दिवाळीनंतर या.”